करड्या रंगाची नीती: ‘स्टार वॉर्स’च्या चित्रकथांतील पापपुण्याचा शोध

दप्तरात चित्रकथांचे पुस्तक सापडले की ते जप्त करायचे, हा आपल्याकडील शाळांचा जुना शिरस्ता. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या प्रकाशनसंस्थेने १९६४ पासून १९९० पर्यंत चालवलेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मराठीतही आवडीने वाचली गेली. पण ती बहुधा पाठ्यपुस्तकाच्या आड धरून. त्या पुस्तकांत वेताळ असे, जादूगार मँड्रेक असे आणि परग्रहावरील जुलमी सम्राटाशी झुंजणारा फ्लॅश गॉर्डनही असे. वाचणाऱ्या मुलाला एका गोष्टीची पक्की खात्री असे. सज्जन कोण आणि दुर्जन कोण हे पहिल्या दोन पानांत कळणार आणि शेवटच्या पानावर सज्जनाचा जय होणार.

या फ्लॅश गॉर्डनचा एक वारसदार पुढे फार मोठा झाला. अमेरिकेतील जॉर्ज लुकस या तरुण दिग्दर्शकाला फ्लॅश गॉर्डनवरच चित्रपट काढायचा होता. त्याचे हक्क मिळाले नाहीत, तेव्हा त्याने स्वतःचीच अंतराळकथा रचली. २५ मे १९७७ रोजी प्रदर्शित झालेला ‘स्टार वॉर्स’ तो हाच. एका बाजूला दुष्ट साम्राज्य, दुसऱ्या बाजूला मूठभर बंडखोर. ‘फोर्स’ नावाची विश्वव्यापी शक्ती, तिची एक उजळ बाजू आणि एक काळी बाजू. उजळ बाजूचे साधक ते ‘जेडाय’ आणि काळ्या बाजूचे ते ‘सिथ’. इतकी स्वच्छ विभागणी दुसऱ्या कुठल्या आधुनिक कथेत क्वचितच आढळेल.

मात्र या चित्रपटांच्या आधाराने जी चित्रकथांची पुस्तके गेली जवळजवळ पन्नास वर्षे निघत आली, त्यांत ही विभागणी टिकली नाही. तेथे सज्जनाच्या हातून खून होतात, गुरू शिष्यांचा घात करतात, पळपुटा सैनिक हुतात्मा होतो. मुलांसाठी म्हणून सुरू झालेल्या या वाङ्मयात पापपुण्याचा असा गुंता कसा आणि का शिरला? आणि तो वाचकाला बिघडवणारा आहे की शहाणे करणारा? या दोन प्रश्नांचा मागोवा या लेखात घ्यावयाचा आहे.

होळी आणि आचारसंहिता

या इतिहासाची सुरुवात चित्रपटाच्या बरीच आधी होते आणि तिच्यात ख्रिस्तसभेचाही वाटा आहे. अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी १९३८ साली ‘नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर डीसेंट लिटरेचर’ ही संस्था स्थापन केली. आक्षेपार्ह नियतकालिकांच्या याद्या करणे आणि दुकानदारांना ती न विकण्याची विनंती करणे हे तिचे काम. पुढे या याद्यांत चित्रकथांचाही समावेश झाला. १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅमटन येथे एका कॅथलिक शाळेच्या आवारात मुलांनी घराघरांतून गोळा केलेल्या चित्रकथांची होळी केली गेली. दुसरे महायुद्ध संपून तीनच वर्षे झाली होती. पुस्तके जाळण्याचे दृश्य जगाने नुकतेच जर्मनीत पाहिले होते, आणि तरीही सद्हेतूने पेटवलेल्या त्या आगीत काही वावगे आहे असे पुष्कळांना वाटले नाही.

त्याच ख्रिस्तसभेच्या वर्तुळात दुसराही मार्ग चोखाळला जात होता, हे येथे नोंदवले पाहिजे. १९४६ ते १९७२ या काळात ‘ट्रेझर चेस्ट’ नावाची चित्रकथांची पुस्तिका कॅथलिक शाळांतून वाटली जात असे. १९६४ साली तिच्यात राष्ट्राध्यक्षपदाच्या एका काल्पनिक उमेदवाराची क्रमशः कथा आली. त्याचा चेहरा शेवटपर्यंत दाखवलेला नव्हता. अखेरच्या भागात तो कृष्णवर्णीय असल्याचे उघड होते. ज्या माध्यमाची होळी झाली त्याच माध्यमातून मुलांच्या मनातील पूर्वग्रहाला असा हळुवार धक्का दिला गेला.

१९५४ साली मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचे चित्रकथांवर कडाडून टीका करणारे पुस्तक प्रसिद्ध झाले, अमेरिकन सिनेटच्या समितीने सुनावण्या घेतल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःहून एक आचारसंहिता स्वीकारली. गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटेल असे चित्रण करू नये, न्यायाधीश आणि सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर उत्पन्न करू नये, प्रत्येक कथेत सत्प्रवृत्तीचाच विजय व्हावा, असे तिचे दंडक. हे दंडक पाळणाऱ्या अंकाच्या मुखपृष्ठावर मान्यतेचा शिक्का छापला जाई, आणि तो नसलेले अंक विक्रेते सहसा ठेवत नसत.

हेतू चांगला होता. परंतु परिणाम काय झाला पाहा. ज्याच्याविषयी सहानुभूती वाटूच द्यायची नाही, त्याचा पश्चात्ताप रंगवणार तरी कसा? जो अधिकारी चुकूच शकत नाही, त्याच्या चुकीची कबुली कोण लिहिणार? उधळ्या पुत्राची गोष्ट या आचारसंहितेच्या चौकटीत जेमतेमच बसली असती. १९७१ साली हे दंडक काहीसे शिथिल झाले. तरी १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’चा पहिला अंक निघाला तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर तो शिक्का होताच.

गौण पात्रांचे स्वातंत्र्य

मार्व्हल कंपनीने काढलेला तो अंक चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच विक्रीला आला होता. लेखक रॉय थॉमस, चित्रकार हॉवर्ड चेकिन. पहिल्या सहा अंकांत चित्रपटाचे कथानक संपले आणि सातव्या अंकापासून नव्या कथा रचण्याची वेळ आली. मालिका १९८६ पर्यंत चालली आणि तिचे १०७ अंक निघाले. त्या काळी आर्थिक अडचणीत असलेल्या मार्व्हलला या मालिकेने तारले, असे तिच्या संपादकांपैकी जिम शूटर यांनी पुढे सांगितले आहे.

आता या लेखकांपुढील पेच लक्षात घ्या. ल्यूक, लेया, हॅन सोलो आणि डार्थ व्हेडर ही पात्रे त्यांची नव्हती. या पात्रांचे पुढे काय होणार हे लुकस ठरवणार. त्यांना मारता येत नाही, त्यांचा स्वभाव पालटता येत नाही. १९८० च्या चित्रपटात हॅन सोलो गोठवला गेला, तेव्हा १९८३ चा चित्रपट येईपर्यंत चित्रकथांनाही त्याच्यावाचून दिवस काढावे लागले. ज्याचे भवितव्य आधीच ठरले आहे त्या नायकापुढे खरा नैतिक पेच उभा करता येत नाही. म्हणून या लेखकांनी नवी, दुय्यम पात्रे निर्माण केली. पडू शकतील, सावरू शकतील, मरू शकतील अशी ती पात्रे होती. महाभारतात कडेला राहिलेल्या कर्णाला शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) मध्यभागी आणले, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. मूळ कथेच्या सावलीत उभ्या असलेल्या माणसाकडे वळले की नीतीचे प्रश्न आपोआप गुंतागुंतीचे होतात.

व्हॅलन्स हे अशा पात्रांपैकी पहिले महत्त्वाचे. आर्ची गुडविन यांनी लिहिलेल्या सोळाव्या अंकात (१९७८) तो प्रथम आला. हा बक्षिसासाठी माणसे पकडणारा शिकारी, पूर्वाश्रमीचा साम्राज्याचा सैनिक. यंत्रमानवांचा त्याला विलक्षण द्वेष. दिसला यंत्रमानव की त्याचा चुरा करायचा. कथेच्या शेवटी कळते की युद्धातील जखमांनंतर तो स्वतःच अर्धा यंत्र झाला आहे. द्वेष दुसऱ्याचा नव्हताच, स्वतःचा होता. पुढे सत्ताविसाव्या अंकात तो ल्यूकवर चालून जातो आणि पाहतो की माणूस आणि यंत्रमानव एकमेकांसाठी जीव धोक्यात घालायला तयार आहेत. त्याचा हात थबकतो.

एकोणतिसाव्या अंकातील (१९७९) प्रसंग तर आजही वाचण्यासारखा आहे. साम्राज्याचा महाकाय तळ उडवणाऱ्या वैमानिकाचे नाव व्हेडरला हवे आहे. ते ठाऊक असलेला टायलर लूशियन हा बंडखोरांतून पळून गेलेला सैनिक एका ओसाड ठिकाणी दडून बसला आहे. ल्यूकचे नाव व्हेडरला कळू नये म्हणून व्हॅलन्स त्याला आडवा येतो आणि त्या लढाईत मरतो. स्वतःसाठी कोणी प्राण दिला हे पाहिलेला तो पळपुटा मग व्हेडरच्या हाती लागण्याऐवजी खालच्या आम्लाच्या तळ्यात उडी घेतो. एक द्वेष्टा आणि एक भित्रा यांच्यामुळे नायक वाचतो, आणि नायकाला त्याचा पत्ताही लागत नाही. आत्महत्येचे समर्थन आपल्याला करता येणार नाही. तरीही लेखक त्या माणसाच्या शेवटच्या क्षणाला तुच्छ लेखत नाही, आणि वाचकालाही लेखू देत नाही.

१९८२ मधील शिरा ब्री हिची कथा याहून अवघड आहे. डेव्हिड मिशेलिनी आणि वॉल्टर सायमनसन यांनी ती रचली. शत्रूची पकडलेली विमाने घेऊन ल्यूक आणि त्याचे सोबती हल्ल्याला जातात. ऐन लढाईत मित्र कोण आणि शत्रू कोण हे ओळखण्याचे साधन निकामी होते. ल्यूक डोळे मिटतो, ‘फोर्स’वर भरवसा ठेवतो आणि गोळा सोडतो. समोरचे विमान त्याची सहकारी शिरा हिचे निघते. श्रद्धेने केलेल्या कृतीतून मित्राचा घात झाला, असे सर्वांना वाटते. सोबती त्याला वाळीत टाकतात आणि त्याचा स्वतःवरचाच नव्हे, ‘फोर्स’वरचाही विश्वास डळमळतो. शोधाअंती शिरा ही शत्रूची हेर असल्याचे उघड होते. ल्यूक निर्दोष ठरतो खरा, परंतु कथेचा सल तेवढ्याने जात नाही. शिरा वाचलेली असते, छिन्नविच्छिन्न देहाने, आणि दोन वर्षांनी ती लुमिया या सूडाने पेटलेल्या स्त्रीच्या रूपात परतते. योग्य ठरलेल्या कृत्याचेही बळी असतात आणि त्यांचे दुःख खरे असते, हे बारा-चौदा वर्षांच्या वाचकाला येथे सांगितले गेले.

आत शिरून नाश करण्याचा मोह

१९८६ नंतर काही वर्षे शांततेत गेली. डिसेंबर १९९१ मध्ये डार्क हॉर्स या लहान प्रकाशनसंस्थेने ‘डार्क एम्पायर’ ही सहा अंकांची मालिका सुरू केली. लेखक टॉम वीच, चित्रकार कॅम केनेडी. तोवर अमेरिकेत केवळ चित्रकथा विकणारी खास दुकाने रुजली होती. तेथे शिक्क्याची सक्ती नव्हती आणि गिऱ्हाईक आता लहान मूल राहिले नव्हते. १९७७ साली दहा वर्षांचा असलेला वाचक चोविशीत आला होता. त्याचे प्रश्नही मोठे झाले होते.

‘डार्क एम्पायर’मध्ये मेलेला सम्राट नव्या देहात परत येतो आणि ल्यूक त्याच्यापुढे गुडघे टेकतो. त्याचा हेतू असतो काळ्या बाजूची गुपिते शिकून तिचा आतून नाश करण्याचा. वडील याच वाटेने गेले आणि हरवले, हे ठाऊक असूनही तो जातो आणि हरवतो. त्याला परत आणते ती बहिणीची माया.

हेच सूत्र ‘टेल्स ऑफ द जेडाय’ या पुढील मालिकांत अधिक खोलवर गेले. चित्रपटांच्या हजारो वर्षे आधीचा काळ. युलिक केल-ड्रोमा हा तरुण, तेजस्वी जेडाय शत्रूच्या गोटात शिरतो. आपण शुद्ध आहोत, तेव्हा आपल्याला डाग लागणार नाही, हा त्याचा अहंकार. डाग लागतो. तो युद्धखोर सेनापती होतो आणि संतापाच्या भरात सख्ख्या भावाला ठार करतो. काइन आणि हाबेल यांची कथा ज्याला परिचित आहे त्याला या चौकटीपाशी थांबावेच लागते. त्याच्यावर प्रेम करणारी नोमी सनरायडर त्याची ‘फोर्स’ अनुभवण्याची शक्ती कायमची काढून घेते.

१९९८ साली केव्हिन अँडरसन यांनी लिहिलेला ‘रिडेम्शन’ हा शेवटचा भाग आला. युलिक एका बर्फाळ, निर्जन ग्रहावर एकांतात राहतो आहे. शक्ती नाही, मान नाही, क्षमा मागायला कोणी उरलेले नाही. नोमीची मुलगी त्याला शोधत येते आणि त्याने आपले गुरू व्हावे असा हट्ट धरते. ज्याला ‘फोर्स’ जाणवतच नाही तो दुसऱ्याला ती शिकवतो. मग जुन्या युद्धात होरपळलेली सिल्वार सूड उगवायला येते. युलिक शस्त्र खाली ठेवतो, लढायला नकार देतो आणि तिचा राग ओसरतो. सारे काही सुखरूप पार पडले असे वाटत असतानाच, प्रसिद्धीला हपापलेला एक मामुली माणूस या कुप्रसिद्ध गुन्हेगाराला मारल्याची कीर्ती मिळावी म्हणून त्याला पाठीमागून गोळी घालतो. ज्याला शक्तीपासून तोडले होते त्याचा देह, थोर जेडायांचा जावा तसा, अंतर्धान पावतो.

या कथेत पापाचे समर्थन नाही. भावाचा खून हा खूनच राहतो. पण पापनिवेदन आणि प्रायश्चित्त यांतील जो मर्मभाग आपण धर्मशिक्षणात शिकतो, तो म्हणजे क्षमा ही हक्काने मिळवायची वस्तू नव्हे, ती अवचित येते. धर्माचे नावही न घेता या कथेत तो उमटला आहे.

धर्मगुरू होऊ पाहणारा लेखक

चित्रकथांच्या या प्रवाहातील सर्वांत विचारी लेखक म्हणून जॉन ऑस्ट्रँडर यांचे नाव घ्यावे लागेल. कॅथलिक धर्मगुरू होण्याच्या हेतूने त्यांनी ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केला होता. ते धर्मगुरू झाले नाहीत. शिकागोच्या रंगभूमीवर रमले आणि १९८३ च्या सुमारास चित्रकथांकडे वळले. आपण अज्ञेयवादी आहोत असे ते सांगतात. पण सोडलेल्या वाटेवरचे प्रश्न त्यांना सुटले नाहीत. ‘सुइसाइड स्क्वॉड’ या त्यांच्या मालिकेत तुरुंगातील गुन्हेगार शिक्षेत सूट मिळावी म्हणून सरकारची काळी कामे करतात, आणि त्या तुरुंगात फादर क्रेमर नावाचा धर्मगुरूही आहे. हेच फादर पुढे १९९२ ते १९९८ या काळातील ‘स्पेक्टर’ या मालिकेत आले. त्या मालिकेचा विषय देवाच्या कोपाचा आणि न्यायाचा होता.

ऑस्ट्रँडर आणि चित्रकार जॅन ड्युरसेमा यांनी २००० साली क्विनलन व्हॉस हा जेडाय निर्माण केला. पहिल्या कथेत तो जागा होतो तेव्हा त्याची स्मृती पुसली गेलेली आहे. त्याच्यात राग आहे, शक्ती आहे. पण तो कोण आणि कोणत्या बाजूचा हे त्यालाच ठाऊक नाही. याच कथेतील त्याची शिष्या आयला सेक्युरा हिचे चित्र लुकस यांच्या पसंतीस उतरले आणि २००२ च्या चित्रपटात तिला प्रवेश मिळाला. गौण वाङ्मयातून मुख्य कथेकडे असा उलटा प्रवास क्वचित होतो.

पुढील युद्धात जेडायांचे मंडळ व्हॉसला शत्रूच्या, काउंट डूकूच्या, गोटात हेर म्हणून पाठवते. विश्वास संपादन करायचा तर शत्रूचे काम करावे लागते आणि त्या कामात निष्पापांचे रक्तही येते. तो प्रत्येक वेळी स्वतःला सांगतो की हे सोंग आहे. अंकामागून अंक जातात आणि सोंग कोठे संपले हे मंडळालाही कळेनासे होते, त्याला स्वतःलाही. येथे ऑस्ट्रँडर आणखी एक प्रश्न विचारतात. ज्या वडीलधाऱ्यांनी त्याला या चिखलात उतरवले, ते कोरडे राहिले म्हणून निर्मळ ठरतात काय? संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, चांगले घडावे म्हणून वाईट करण्याच्या युक्तिवादाचा धिक्कार केला आहे. व्हॉसची कथा म्हणजे त्या युक्तिवादाची सावकाश, पुराव्यानिशी केलेली तपासणी आहे. त्याला शेवटी वाट सापडते, २००६ मधील अंकांत पत्नी आणि नवजात मूल यांच्यापाशी तो पोचतो. मात्र तो पूर्वीचा राहिलेला नसतो.

याच जोडीने २००६ ते २०१० या काळात ‘लेगसी’ ही पन्नास अंकांची मालिका केली. ल्यूकचा वंशज केड हा तिचा नायक. तो व्यसनी आहे. पूर्वजाचा आत्मा समोर येऊन कर्तव्याची आठवण देतो, तो दिसू नये म्हणून नशा करणारा हा नायक. एका जेडायाला तो पैशासाठी शत्रूच्या हवाली करतो आणि ते त्याला स्वस्थ झोपू देत नाही. थोर घराण्याचे नाव हे ओझे कसे होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना केड ओळखीचा वाटेल.

भविष्य जाणणाऱ्यांचे पाप

याच वर्षांत जॉन जॅक्सन मिलर यांनी ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ ही पन्नास अंकांची दुसरी मालिका लिहिली. माझ्या मते नैतिक प्रश्नाची सर्वांत धारदार मांडणी येथे आहे.

झेन कॅरिक हा जेडाय विद्यार्थी वर्गातला सर्वांत वेंधळा. दीक्षेच्या समारंभालाही तो उशिरा पोचतो, कारण एका भुरट्या ठकाचा पाठलाग करताना वेळ गेलेला असतो. दार उघडून पाहतो तर त्याचे चारही सहाध्यायी मरून पडले आहेत आणि भोवती त्यांचे गुरू शस्त्रे घेऊन उभे आहेत. खुनाचा आळ झेनवर येतो आणि त्या ठकाच्याच सोबतीने त्याला पळ काढावा लागतो.

गुरूंनी असे का करावे? ते लाचखाऊ नाहीत, क्रूरही नाहीत. त्यांच्यातील द्रष्ट्यांना भविष्याचे दर्शन झाले आहे. या विद्यार्थ्यांपैकी कोणी एक पुढे काळ्या शक्तीला परत आणील आणि असंख्यांचा संहार होईल, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. कोण ते कळले नाही, म्हणून सर्वच मारायचे ठरले. एका माणसाने लोकांसाठी मरणे हिताचे आहे, हा कयफाचा हिशेब आपल्याला ठाऊक आहे. बेथलेहेममधील बालकांविषयी हेरोदाने केलेला हिशेबही ठाऊक आहे. फरक एवढाच की हेरोदाला स्वतःचे सिंहासन वाचवायचे होते आणि या गुरूंना जग. म्हणून तर ते अधिक भयंकर वाटतात. त्यांनी ज्याला गुन्हेगार ठरवले तो वेंधळा मुलगा मात्र पळताना भेटेल त्याला मदत करत जातो, आणि ज्या अनर्थाच्या भीतीने खून केले त्याच वाटेने गुरूंचे मंडळ स्वतःच्या नाशाकडे जाते. संशय बाळगणाऱ्या माणसाकडून जेवढी हानी होते, तिच्यापेक्षा पुष्कळ जास्त हानी स्वतःच्या पावित्र्याची खात्री असलेल्याकडून होऊ शकते, हे या मालिकेचे सांगणे आहे. कोणत्याही धर्मसंस्थेत, आणि आपल्याही, ते कान देऊन ऐकण्यासारखे आहे.

करड्या रंगाची मर्यादा

२०१२ साली डिस्ने कंपनीने लुकस यांची संस्था विकत घेतली. एप्रिल २०१४ मध्ये तोवरच्या सर्व चित्रकथा आणि कादंबऱ्या अधिकृत कथानकाबाहेर काढून त्यांना ‘लेजंड्स’, म्हणजे दंतकथा, असे नाव दिले गेले. युलिक, केड, झेन ही मंडळी एका घोषणेने ‘न घडलेली’ झाली. जानेवारी २०१५ पासून मार्व्हलने नव्या मालिका सुरू केल्या.

त्यांतील कायरन गिलन यांच्या ‘डार्थ व्हेडर’ (२०१५-१६) या मालिकेतून डॉक्टर अफ्रा ही पुरातत्त्वज्ञ स्त्री पुढे आली आणि इतकी लोकप्रिय झाली की डिसेंबर २०१६ मध्ये तिच्या नावाची स्वतंत्र मालिका निघाली. अफ्रा हुशार, विनोदी आणि लबाड. दोन खुनशी यंत्रमानव तिचे सोबती. व्हेडर आपल्याला कधीतरी मारणार हे ती जाणते. मारायचे तर तलवारीने मार, अवकाशात फेकू नकोस, त्याची मला फार भीती वाटते, असे ती त्याला आधीच सांगून ठेवते. अखेरीस तो तिला अवकाशातच फेकतो, आणि ती वाचते. कारण तिने तीच तयारी करून ठेवलेली असते. वाचकाला हसू येते आणि तो तिच्या बाजूचा होतो. तिच्यामुळे कितीजण मेले, याचा हिशेब त्या हसण्यात मागे पडतो.

येथे थोडे थांबावे लागते. पापपुण्याची सरमिसळ दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात चांगले आणि वाईट यांतील भेद खराच असतो; मात्र त्या वाटेवरून चालणारा माणूस संमिश्र असतो. व्हॅलन्स, युलिक, व्हॉस हे या प्रकारचे. दुसऱ्या प्रकारात भेदच पुसट होतो आणि चातुर्य हाच एकमेव गुण उरतो. अफ्राच्या कथा या दोहोंच्या सीमेवर आहेत. तिच्या लेखकांना हे कळते आणि म्हणूनच तिची फसवणूक झालेली माणसे वरचेवर परत येऊन तिच्यासमोर उभी राहतात. परंतु तिची नक्कल करणाऱ्या कमी ताकदीच्या लेखनात करडा रंग हा निव्वळ पळवाट होतो. सगळेच मळलेले, मग माझ्या मळाचे काय, असा तो सूर असतो. जुन्या आचारसंहितेने पश्चात्तापाला जागा ठेवली नव्हती. या नव्या सुरात पश्चात्तापाची गरजच उरत नाही. दोन्ही टोकांना पाप्याची गोष्ट सांगायची राहूनच जाते.

खुद्द लुकस यांनाही हा रंग झेपला नाही, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९७७ च्या चित्रपटात हॅन सोलो उपाहारगृहात समोर बसलेल्या मारेकऱ्यावर आधी गोळी झाडतो. १९९७ च्या सुधारित आवृत्तीत मारेकरी आधी गोळी झाडतो आणि हॅन स्वसंरक्षणार्थ मारतो, असा बदल केला गेला. नायक अधिक स्वच्छ व्हावा, हा हेतू. जुने प्रेक्षक मात्र नाराज झाले. त्यांना खुनी नायक हवा होता असे नव्हे. स्वार्थी, गोळी झाडायला मागेपुढे न पाहणारा हा माणूस शेवटी मित्रांसाठी परत येतो, हेच तर त्याचे परिवर्तन. सुरुवातीचा डाग पुसला तर परत येण्याचे मोलही पुसले जाते.

२०१८ पासून मार्व्हलने त्या जुन्या व्हॅलन्सला नव्या कथांत परत आणले. चाळीस वर्षांपूर्वी मुलांच्या स्वस्त अंकात आम्लाच्या तळ्यात बुडालेला तो यंत्रदेही शिकारी नव्या लेखकांना आठवला, हे मला अर्थपूर्ण वाटते. सम्राट आणि सेनापती पुष्कळ झाले. लक्षात राहिला तो हात थबकलेला माणूस.

आपल्या घरातील मुलांच्या हाती आज अशी पुस्तके असतील, किंवा पडद्यावरून ती त्यांच्यापर्यंत पोचत असतील. ती हिसकावून घेण्याची घाई करू नये असे मी सुचवीन. त्याऐवजी एखादे पान त्यांच्याबरोबर वाचावे आणि विचारावे: याने असे करायला नको होते असे तुला वाटते ना? मग त्याच्या जागी तू काय केले असतेस? मूल थोडा वेळ गप्प बसेल. तेवढा वेळ त्याला द्यावा.